हॅलोविनचा रिमेक (२००७): अर्धा झोम्बीचा, अर्धा कारपेंटरचा, आणि गडबड मधल्या शिवणीत

तापीकाठ

स्पॉयलर भरपूर आहेत. ज्यांनी मूळ चित्रपट (जॉन कारपेंटरचा, १९७८) पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा. ९१ मिनिटांचा आहे, भरीत भाजून गार होईपर्यंत संपतो.

रॉब झोम्बीच्या 'हॅलोविन'ला दर ऑक्टोबरात कोणीतरी शिव्या घालतं आणि लगेच कोणीतरी 'अंडररेटेड आहे भो' म्हणत धावून येतं. माझं म्हणणं दोन्ही पार्ट्यांना रुचणार नाही. मूळ चित्रपटापासून लांब गेला म्हणून हा रिमेक फसला असं मला वाटत नाही. लांब गेला तोवर बरा चालला होता. परत फिरला आणि फसला.

१९७८ मध्ये जॉन कारपेंटरने खुनी मायकेल मायर्सचं बालपण एका लांबलचक शॉटमध्ये उरकलं. आपण कोणाच्या तरी डोळ्यांतून घरात शिरतो, सुरी उचलतो, मुखवटा चढवतो, जिना चढतो, बहिणीला भोसकतो. बाहेर आल्यावर मुखवटा निघतो तर सहा वर्षांचं पोरगं. का केलं? उत्तर नाही. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर लूमिसकडेही नाही, तो फक्त 'हा दुष्ट आहे' एवढंच सांगत फिरतो.

झोम्बीने पोराचं वय दहा केलं, घरात आईचा दारुडा जोडीदार बसवला, शाळेत छळ दाखवला, आईला क्लबात नाचायला लावलं. मग वेड्यांच्या इस्पितळातली वर्षं, कागदाच्या लगद्याचे मुखवटे, बोलणं हळूहळू बंद होणं. हा भाग मला आवडतो. घाणेरडा आहे, आरडाओरडा जास्त आहे, पण झोम्बीचा स्वतःचा आहे. यात जवळपास निम्मा वेळ जातो आणि मग त्याला आठवतं की अरे, आपण 'हॅलोविन' करतोय. उरलेल्या वेळात १९७८ चा अख्खा चित्रपट दाबून भरलाय.

मूळ चित्रपटात नायिका लॉरीला मायकेल दिवसाढवळ्या दिसतो. वर्गाच्या खिडकीतून, कुंपणाच्या झाडाशी, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये. प्रत्येक वेळी थोडा थांबतो आणि नाहीसा होतो. निम्मी भीती त्या रिकाम्या दुपारची आहे. रिमेकमध्ये लॉरी कोण हे कळायच्या आत ती पळायला लागते.

तर प्रश्न दोन. रिमेकने खुन्याला कारण द्यावं का? आणि मूळ चित्रपटाची कारागिरी समजून घेऊन केलेला स्लॅशर (एकेकाला गाठून मारणाऱ्या खुन्याचा भयपट) रिमेक तुमच्या मते कोणता?

शेवभाजी_डबल_तर्री

फुटाणे घेऊन पहिल्या रांगेत.

लळिंगची_वाट

पहिल्या प्रश्नावर असहमत.

'कारण नसणं हीच भीती' हे वाक्य आता फार घासून गुळगुळीत झालंय. मायकेलला कारण झोम्बीने दिलं असं लोक म्हणतात, पण पहिलं कारण १९८१ च्या दुसऱ्या भागात आलं. लॉरी त्याची बहीण निघाली ती तिथे, आणि त्याची पटकथा मूळ चित्रपट लिहिणाऱ्या कारपेंटर आणि डेब्रा हिल यांचीच. नंतरचे कित्येक भाग त्या नात्यावर जगले. २०१८ च्या चित्रपटाने ते नातं झटकलं. झोम्बीने ते उचललं आणि सुरुवातीपासून पेरलं. बहीण असणारच असेल तर पाळण्यातली बहीण आणि तिला सोडून गेलेला भाऊ हे मला जास्त पटतं.

दुसरं, तुम्ही कोणती प्रत पाहिली? थिएटरची १०९ मिनिटांची, डायरेक्टर्स कट १२१ मिनिटांचा. फरक फक्त रक्ताचा नाही. इस्पितळातून सुटका दोन्हींत पूर्ण वेगळी आहे. थिएटरच्या प्रतीत त्याला दुसरीकडे हलवताना तो पहारेकऱ्यांना मारून निघतो. डायरेक्टर्स कटमध्ये कर्मचारी एका रुग्ण मुलीवर त्याच्या खोलीत बलात्कार करतात आणि त्यानंतर तो सुटतो. तो प्रसंग नुसता किळसवाणा आहे, त्याची काही गरज नव्हती. पण चर्चा करताना कोण कोणत्या प्रतीबद्दल बोलतंय हे आधी सांगावं, नाहीतर दोन वेगळ्या चित्रपटांवर भांडण चालू राहतं.

तापीकाठ

थिएटरची. १९८१ चा मुद्दा मान्य. बाकी मान्य नाही, सावकाश लिहितो.

पांझरा_पूल

कारणाची चर्चा होत राहील, मी मुखवट्याबद्दल लिहितो, कारण दोन्ही चित्रपटांतला खरा फरक तिथे हातात धरून दाखवता येतो.

१९७८ चा मुखवटा म्हणजे दुकानात मिळणारा 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा रबरी चेहरा, म्हणजे विल्यम शॅटनर. किंमत दोन डॉलरच्या आत. कलादिग्दर्शक टॉमी ली वॉलेसने भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा स्प्रे मारला, केस विस्कटले. एवढंच. चेहरा कोणाचा तरी आहे हे मेंदूला कळतं, कोणाचा ते कळत नाही.

रिमेकमधला मुखवटा तडे गेलेला, मळलेला, घराच्या फरशीखाली वर्षानुवर्षं पुरलेला. तयार करणाऱ्यांचं काम सुंदर आहे, वादच नाही. पण त्या प्रत्येक तड्यात 'बघा, याने काय काय सोसलंय' लिहिलेलं आहे. कोऱ्या चेहऱ्यावर आपण काहीही वाचू शकतो. या चेहऱ्यावर दिग्दर्शकाने आधीच लिहून ठेवलंय.

शिवाय उंची. रिमेकमधला मायकेल टायलर मेन पावणेसात फुटांच्या आसपासचा गडी. दारात उभा राहिला की दार भरतं. १९७८ चा निक कॅसल साध्या अंगाचा होता आणि म्हणूनच तो झुडपामागे मावत होता.

खापरावरचा_मांडा

पावणेसात फुटी माणूस आमच्या वाड्याच्या दारातून आला तर चौकटीला डोकं आपटून जागीच गार होईल. रिमेक दहा मिनिटांत समाप्त.

रावेर_बागायत

आणि गल्लीत शिरल्या शिरल्या ओट्यावरची आजी विचारणार, "कोना पोऱ्या शे रे तू? जेवना का?" मुखवट्याचा काय उपयोग.

भुसावळ_आऊटर

विषय निघालाच आहे तर कामाचा प्रश्न. आमच्या ओळखीच्या हौशी पोरांना पाच-सहा मिनिटांची स्लॅशर फिल्म करायची आहे. पांढरा मुखवटा, केळीची बाग, रात्र, शेवटी एक खून. मोबाईलवर. मुहूर्त मे महिन्याचा काढलाय (अक्कल काढू नका, सुट्ट्या तेव्हाच असतात). रबरी मुखवटा ऑनलाइन मागवून पांढरा स्प्रे मारला तर तो पोपडे धरतोय. आणि रक्तासाठी कुंकू पाण्यात कालवलं तर दोन मिनिटांत खाली बसतं. जाणकारांनी सांगावं.

पांझरा_पूल

पोपडे धरणारच. लॅटेक्स ताणलं जातं, साधा स्प्रे पेंट वाळून कडक होतो. तोंड उघडलं की तडा, आणि तडा गेला की पापुद्रा. असं करा:

मुखवटा साबणाच्या पाण्याने आतून बाहेरून धुवा. कारखान्यातली पावडर आणि तेलकटपणा राहिला तर त्यावर काहीच धरत नाही. पूर्ण वाळवा, पण सावलीत. जळगावच्या उन्हात लॅटेक्स चिकट होतं आणि पुढे भेगाळतं. मग लिक्विड लॅटेक्समध्ये पांढरा अॅक्रिलिक रंग साधारण तीनास एक मिसळा आणि स्पंजच्या तुकड्याने टिपत टिपत लावा. ब्रशने ओढलं तर रेघा उठतात. पातळ तीन हात, प्रत्येक हातानंतर पंख्याखाली अर्धा तास. शेवटी टाल्कम पावडर. रंग चिकटत नाही आणि चमक जाते. चमक फार महत्त्वाची, कारण ओलसर चकाकणारा मुखवटा कॅमेऱ्यात प्लास्टिकची बादली दिसतो.

शुभ्र पांढरा नको. चिमूटभर राखाडी घाला. मोबाईल रात्री पांढरा रंग जाळून टाकतो, नाक-गाल सगळं सपाट.

डोळ्यांची भोकं बाहेरच्या कोपऱ्याकडे ४-५ मिमी वाढवा, आणि आतल्या माणसाच्या पापण्यांना व डोळ्यांभोवती काजळ फासा. मुखवटा आणि कातडी यांच्यातली गोरी पट्टी दिसली की सगळा खेळ खलास.

मे महिन्यात आतला माणूस दहा मिनिटांच्या वर ठेवू नका. नाकपुड्यांची भोकं मोठी करा, हनुवटीखाली न दिसणाऱ्या जागी दोन भोकं पाडा. कपाळाला सुती पट्टी बांधली नाही तर घाम सरळ डोळ्यांत. रात्री बारालाही आपल्याकडे ३२-३३ असतं, विसरू नका.

बहाळ_मुक्काम

उन्हावरून आठवलं. १९७४ चा 'टेक्सास चेन सॉ मॅसकर' टेक्सासच्या ऐन उन्हाळ्यात झाला. जेवणाच्या टेबलाचा प्रसंग सलग सव्वीस तासांच्या वर चालला. बाहेर दिवस, आत रात्र दाखवायची म्हणून खिडक्या काळ्या करून बंद, आत दिवे आणि सडलेलं मांस. लेदरफेसच्या (करवतवाल्या खुन्याच्या) शर्टाचा रंग उडेल म्हणून तो महिनाभर धुतलाच नाही. भुसावळच्या पोरांनी मुहूर्त बरोबरच काढलाय.

आणि दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर त्याचाच रिमेक: २००३ चा टेक्सास. कारण तिथे मूळ कॅमेरामनच परत आणला. डॅनियल पर्ल याने १९७४ चाही शूट केला आणि २००३ चाही. पहिला १६ मिमी फिल्मवर, दाणेदार, उन्हात भाजलेला. कोणीतरी खरोखरचा गुन्हा चित्रित केल्यासारखा. दुसऱ्यात त्याने स्वतःचीच नक्कल केली नाही. धूर, फटींतून येणारे उजेडाचे पट्टे, काळपट सोनेरी रंग. सुरुवातीचा निवेदकही तोच, जॉन लॅरोकेट. म्हणजे धागा राखला आणि कापड बदललं.

लळिंगची_वाट

२००३ चा टेक्सास दिसायला देखणा आहे हीच त्याची अडचण. मूळ चित्रपट बघून झाल्यावर अंघोळ करावीशी वाटते. रिमेक बघून जीन्स घ्यावीशी वाटते.

बहाळ_मुक्काम

हे वाक्य चोरून ठेवतोय. पण शेरीफ झालेल्या आर. ली अर्मीचे प्रसंग पुन्हा बघा. त्याच्यापुढे करवतवाला सौम्य वाटतो. ते मूळ चित्रपटात नव्हतं आणि ते देखणंही नाही.

केळफूल

रक्ताचं मी सांगते. कुंकू नाही, गुलाल तर मुळीच नाही, आणि शेंदूर घरात असला तरी लांब ठेवा, त्यात शिसं असू शकतं. ते तोंडाजवळ नकोच.

साधारण साडेतीनशे मिलीसाठी: लिक्विड ग्लुकोज ३५० ग्रॅम (केकचं सामान मिळतं तिथे डब्यात मिळतं), कोमट पाणी १०० मिली, लाल खाद्यरंगाची पावडर अर्धा चहाचा चमचा, कोको पावडर दीड चमचा, निळा खाद्यरंग टाचणीच्या टोकावर राहील एवढाच.

क्रम चुकवू नका. रंग आधी दोन चमचे पाण्यात पूर्ण विरघळवायचा. कोरडा टाकला तर ठिपके राहतात आणि कपड्यावर मिरचीपूड सांडल्यासारखं दिसतं. कोको वेगळ्या वाटीत गरम पाण्यात पेस्ट करून गाळणीतून. मग ग्लुकोज, सावकाश. फेटू नका, बुडबुडे झाले की रक्त फेसाळतं आणि कॅमेऱ्यात सरबत दिसतं. अर्धा तास झाकून ठेवा.

चाचणी: पांढऱ्या टाइलवर एक थेंब, टाइल उभी धरा. पाण्यासारखा धावला तर पातळ, जागीच थांबला तर घट्ट. पाकातल्या मधासारखी वाट धरली पाहिजे आणि कडेला पातळ भाग लालसर, मध्ये काळपट दिसला पाहिजे. कोको त्यासाठीच. कोकोशिवाय रक्त दिवसा गुलाबी पडतं.

उन्हाळ्यात पाणी ६० मिलीच घाला, कारण ग्लुकोज उष्णतेने सैल होतं. दुपारी घरात बरोबर वाटलेलं मिश्रण गाडीच्या डिकीत ठेवलंत तर संध्याकाळी पाणी झालेलं असतं. तसंच उलटही, डिसेंबरात पहाटे ते डिंकासारखं होतं.

अंगावर लावायच्या आधी खोबरेल तेलाचा हात फिरवा, नाहीतर लाल छटा दोन दिवस जात नाही. कपड्यावरचं सहज निघायला हवं असेल तर भांडी घासायच्या लिक्विडचे ५-६ थेंब. पण ते रक्त तोंडात घ्यायचं नाही. तोंडातल्यासाठी वेगळी बाटली, वेगळं झाकण, वर मोठ्या अक्षरांत 'तोंड'. हॉलीवूडमध्ये मेकअपवाल्या डिक स्मिथच्या प्रसिद्ध कृतीतही फोटो धुण्याचं एक रसायन असायचं, ते पसरायला छान पण तोंडात घालायला विषारी. म्हणून तिथेही दोन बाटल्या ठेवाव्या लागत.

आणि मुंग्या. बागेत खाली मेलेला माणूस पडून राहणार असेल तर त्याच्यावर ग्लुकोज ओतून 'हलू नको' म्हणणं हा वेगळाच हॉरर आहे.

शेवभाजी_डबल_तर्री

मुंग्या चावल्यावर येणारी किंकाळी मात्र एका टेकमध्ये ओके.

वरणगाव_फाटा

रक्त वाहतं कसं दाखवायचं तेही सांगून ठेवतो. सलाईनची नळी वापरू नका, ग्लुकोजला फार बारीक पडते, ढकलता ढकलता सिरिंजचा दट्ट्या निघून हातात येतो. आपल्याकडे ठिबकची मायक्रोट्यूब पोत्याने पडलेली असते, ती घ्या. काळी असते, काळ्या शर्टावर रात्री दिसत नाही. ६० मिलीची सिरिंज, दीड मीटरच्या आत नळी. लांब झाली की जोर लागतो आणि पहिला थेंब यायला उशीर होतो. अभिनेता आधीच मरून पडतो आणि रक्त मागाहून येतं.

नळीत हवा राहिली तर 'फुर्र' असा आवाज होऊन शिंतोडे उडतात. आधी नळी भरून टोकाला बोट लावून धरायची. जोडावर चिकटपट्टी गुंडाळून वर तार पिळायची. 'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०) मध्ये केव्हिन बेकनच्या गळ्यातून बाण निघतो ना, तिथे खाटेच्या भोकातून त्याचं खरं डोकं वर होतं, मान आणि छाती खोटी. ऐन शॉटला रक्ताची नळी पंपापासून सुटली. खाली बसलेल्या मदतनिसाने नळी तोंडात धरून फुंकलं. पडद्यावर रक्त उसळत येतं ते त्यामुळे. मेकअप आणि रक्तपातातला उस्ताद टॉम सॅविनी याची ती टीम होती म्हणून निभावलं. तुमच्याकडे एकच शर्ट असेल तर नाही निभावणार. किमान तीन सारखे शर्ट.

सुरी लाकडाची करा, पात्याला चंदेरी कागद. अॅल्युमिनियमची बोथट सुद्धा नको, अंधारात धावताना टोक लागतंच.

तापीकाठ

धागा भांडणात गेला नाही, पण बाजारहाट झाला खरा. चालू द्या. फक्त 'फ्रायडे'चं नाव निघालं म्हणून: २००९ च्या रिमेकमध्ये शीर्षक पडतं वीसेक मिनिटांनंतर. तोवर एक अख्खा छोटा चित्रपट होऊन जातो, आणि तोच चांगला आहे.

चोपडा_नाका

त्यातला पळणारा खुनी जेसन मला चालला. भुयारं मात्र नाही. जंगलातला खुनी अचानक कुठूनही उगवतो यात मजा होती, रिमेकने त्याला बोगदे खणून दिले. पुन्हा तेच, खुलासा.

माझा सगळ्यात मोठा राग २०१० च्या 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'च्या रिमेकवर आहे, आणि तो एका शॉटपुरता. १९८४ च्या मूळ चित्रपटात नायिका नॅन्सी झोपलीय, वरच्या भिंतीतून स्वप्नात येऊन मारणारा फ्रेडी बाहेर झुकतो. भिंत ताणली जाते, चेहरा आणि हात उमटतात. काय केलं होतं? भिंतीत भोक आणि त्यावर स्पॅन्डेक्सचं ताणलेलं कापड, मागून माणूस रेलला. बस. रिमेकमध्ये तोच शॉट संगणकावर केला आणि भिंत च्युइंगगमसारखी लोंबते. पंचवीस वर्षं पुढची यंत्रं, भरपूर पैसा, आणि कापडाच्या तुकड्यासमोर हार. कापडाला वजन असतं, ताण असतो, कडेला सुरकुत्या कुठे पडतील हे कापड स्वतः ठरवतं. संगणकाला ते कोणीतरी सांगावं लागतं, आणि इथे सांगायचं राहिलं.

रिमेकमधला फ्रेडी जॅकी अर्ल हेली, त्याच्याबद्दल तक्रार नाही. झोप कमी झाल्यावर जागेपणीच डुलकी लागते ही कल्पनाही चांगली होती. कारागिरीत मार खाल्ला.

खापरावरचा_मांडा

एल्म स्ट्रीटचा खरा रिमेक रॅमसेंचा 'महाकाल'. पंजाही आहे आणि जॉनी लिव्हरही. हॉलीवूडवाल्यांना सुचलं का?

बहाळ_मुक्काम

आणि रिमेकचं विद्यापीठ मालेगावात. 'मालेगाव के शोले' २००० सालचा. २००८ च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात दिसतं, क्रेन म्हणून बैलगाडी, ट्रॉली म्हणून सायकल. बैलगाडीची दांडी वर-खाली केली की कॅमेरा वर-खाली. भुसावळकरांनी ते बघून घ्यावं.

रावेर_बागायत

मालेगाव नाशिक जिल्ह्यात येतं.

बहाळ_मुक्काम

जिल्हा नाशिक, बोली आपली. पुढे चला.

सूरपाटी

कोणीच संगीतावर बोललं नाही म्हणून. कारपेंटरची मूळ धून ५/४ मध्ये आहे, म्हणजे आपल्या हिशोबाने दहा अर्ध्या मात्रा. पण हात झपतालाच्या २-३-२-३ वर पडत नाही. पियानोचं वजन ३-३-२-२ असं आहे. टाळी देऊन बघा: धा धिं ना, धा धिं ना, धा गे, धा गे. शेवटचे दोन तुकडे आखूड, त्यामुळे दर आवर्तनाला समेवर कोणीतरी ढकलल्यासारखं येतं. 'खाली' (टाळी न देण्याची मोकळी मात्रा) कुठेच नाही, दम घ्यायला जागा नाही. चार मात्रांच्या चालीत पाय रमतो, इथे पाय अडखळतो.

रिमेकमध्ये टायलर बेट्सने तीच धून घेतली आहे, पण भोवती इतका गोंगाट आहे की ती येते तेव्हा 'ओळखीचं गाणं लागलं' असं वाटतं. मूळ चित्रपटात ती जवळजवळ एकटीच असते. पोरांनी एक करावं, तबलजीला ३-३-२-२ वाजवायला सांगून फक्त डग्ग्याचा आवाज घ्यावा. धून चोरू नका, वजन घ्या.

पाल_अभयारण्य

आता जागा. केळीची बाग ही कल्पना उत्तम आहे, पण आत गेल्यावर कॅमेरा कुठे ठेवणार? ५ बाय ५ फुटांवर लागवड असेल तर तिसऱ्या ओळीपलीकडचं काही दिसत नाही. पानं डोक्यावर छत धरतात, चंद्राचा उजेड येत नाही, आणि दिवा जवळच्या पानावर पडला की तेवढं एक पान हिरवंगार पेटतं, मागे काळोख. म्हणून दिवा बागेच्या आतून नको, सरीच्या टोकाला, खांद्याच्या उंचीवर, कॅमेऱ्याकडे तोंड करून ठेवा. खुनी मध्ये उभा राहिला की नुसती आकृती मिळते. पानांच्या फाटलेल्या चिंध्या कडेला आपोआप फ्रेम करतात.

पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी जाऊ नका. घोटाभर चिखलात पळणारा खुनी विनोदी दिसतो. आणि कपडे टाकाऊ घाला, केळीच्या चिकाचा डाग काळा पडतो आणि जन्मात जात नाही. तुमचं रक्त धुऊन निघेल, चीक नाही.

आवाजासाठी: 'सायको'मध्ये सुरीचा आवाज खरबुजाच्या जातीच्या फळात सुरी खुपसून घेतला होता. आपल्याकडे त्याहून भारी चीज आहे. घड कापल्यावर उभं राहिलेलं केळीचं खोड. आत पापुद्रे आणि पापुद्र्यांत पोकळ्या, पाण्याने भरलेल्या. सुरी घातली की आधी 'कच्च', मग ओढताना ओला सुस्कारा. मोबाईल एक वीत अंतरावर, पात्याच्या रेषेत नाही, बाजूला. नाहीतर शिंतोडे माइकवर.

पावलांसाठी सागाची वाळकी पानं एक पोतं आणून ठेवा, फेब्रुवारी-मार्चात सातपुड्याच्या पायथ्याला ढीग असतात. केळीच्या बागेत पाऊल वाजतच नाही. कॅलिफोर्नियातल्या साउथ पॅसाडेनात कारपेंटरने वसंतात शरद दाखवायला पानं रंगवली होती आणि शॉट झाला की झाडून गोळा करून पुन्हा वापरायचे. म्हणजे तिथेही पोत्यातच होती.

शेवभाजी_डबल_तर्री

मेंदूच्या शॉटला वांग्याचं भरीत वापरा. हिरवी मिरची वगळून.

केळफूल

भरीत वाया घालवणाऱ्याला पडद्याबाहेर मारण्यात येईल.

भुसावळ_आऊटर

दंडवत मंडळी. सगळं उतरवून घेतलं. शेवटचा प्रश्न: मूळ चित्रपटात लॉरी दाराशी रडत उभी असते आणि मागच्या अंधारातून मुखवटा हळूहळू उमटतो. ते मोबाईलवर होईल का?

पांझरा_पूल

होईल, आणि संगणकाशिवाय. कॅमेरामन डीन कंडीने तिथे मुखवट्यावर एक छोटा दिवा ठेवला होता आणि डिमरने हळूहळू वाढवला. माणूस आधीपासून तिथेच उभा.

तुम्ही: ४० वॉटचा तारेचा बल्ब, पंख्याचा गोल फिरणारा रेग्युलेटर. एलईडी नको, त्या रेग्युलेटरवर फडफडतो आणि एका टप्प्याला भसकन पेटतो. जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. बल्ब मुखवट्याच्या वर, किंचित पुढे, म्हणजे डोळ्यांच्या खोबणीत सावली राहते. वर काळा पुठ्ठा, उजेड भिंतीवर सांडू नये. शून्यापासून वर यायला आठ सेकंद घ्या. चारला लोक दचकतात, आठला त्यांना आधी शंका येते.

मोबाईलचं एक्स्पोजर आणि फोकस दोन्ही लॉक, व्हाइट बॅलन्सही. लॉक नसेल तर मुखवटा उजळला की फोन बाकीचं चित्र अंधारतो आणि फसवणूक उघडी पडते. २५ फ्रेम, शटर १/५०, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, नाहीतर बल्बच्या पट्ट्या दिसतील. आणि मूळ चित्रपट रुंद पडद्याचा आहे, रुंदी उंचीच्या २.३९ पट. १०८० पिक्सेल उंचीतून वर-खाली १३८-१३८ पिक्सेल कापले की ८०४ उरतात. आधीच फोनच्या पडद्यावर चिकटपट्टी लावून फ्रेम बघा. मुलगी एका कडेला, उरलेली दोन-तृतीयांश जागा रिकामी. लोकांना तिथे बघत बसायला लावायचं.

तापीकाठ

ही शेवटची ओळ माझ्या मूळ पोस्टमध्ये असायला हवी होती. कारपेंटर रिकामी जागा ठेवतो. झोम्बीचा कॅमेरा हातात, जवळ, हलता, फ्रेम कायम भरलेली. खुनी कुठून येईल ही शंका यायला जागाच नाही, कारण तो आधीच चित्र भरून उभा आहे.

लळिंगची_वाट, आता तुमचं. काल डायरेक्टर्स कटही बघितला. सुटकेबद्दल तुमचं बरोबर, तो प्रसंग नको होता. पण एक गोष्ट मागे घेतो. डॅनी ट्रेहोचा कर्मचारी, इतकी वर्षं पोराशी नीट वागलेला एकटाच माणूस. मायकेल त्यालाही पाण्यात बुडवतो, वर टीव्ही डोक्यात घालतो. "मी तुझ्याशी चांगला वागलो" म्हणतो बिचारा, उपयोग शून्य. म्हणजे तासभर कारणं दिल्यावर झोम्बीने स्वतःच दाखवलं की कारणांनी काही उलगडत नाही. तिथेच संपवला असता तर चाललं असतं.

लळिंगची_वाट

तेच सांगत होते. फक्त पुढचा तास त्याला स्टुडिओला द्यायचा होता. आणि डॅनिएल हॅरिस विसरू नका. चौथ्या-पाचव्या भागातली लहान जेमी, इथे मोठी होऊन लॉरीची मैत्रीण अॅनी झालीय. दुसऱ्या अर्ध्यात जीव आहे तो तिच्यामुळे. ती जखमी होऊन जमिनीवर पडलेली असते तो प्रसंग बघवत नाही, आणि कॅमेरा एकदाचा स्थिर आहे.

चोपडा_नाका

भुसावळकर, खून कोणत्या रात्री दाखवणार? हॅलोविनला कोणीही मुखवटा घालून फिरतं म्हणून खुनी खपतो. इथे कोणता सण?

रावेर_बागायत

सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीत सोंगं असतात की.

पाल_अभयारण्य

ते नको. तो लोकांचा नवस असतो, पाच-पाच दिवस पाळणूक करतात. त्यांच्यातला एक खुनी दाखवायचा म्हणजे उगाच त्यांना भुतं ठरवणं. आखाजी (अक्षय तृतीया) घ्या. मे महिन्याच्या आसपास येते, सगळ्या लेकी माहेरी आलेल्या, गडीमाणसं रात्रभर पत्त्यांत. घरात कोण आलं कोण गेलं, लक्ष कोणाचं नाही. आणि निंबाला बांधलेला झोका. वारा नसताना हलणारा.

भुसावळ_आऊटर

ठरलं, आखाजी. झोक्याला नायलॉन दोर की साखळी?

पाल_अभयारण्य

सुताचा जाड दोर, फांदीवर घासतो तिथे सुका ठेवायचा. तेल लावलंत तर वाजणार नाही.